लेटेकमध्ये मोकळ्या जागेला नाव द्यायचं: न्यूकमांड की न्यूलेंथ?

दादरच्या एका क्लाससाठी मी गणिताच्या प्रश्नपत्रिका लेटेकमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, बसवते. प्रत्येक प्रश्नाखाली उत्तरासाठी जागा लागते. दर ठिकाणी हाताने माप लिहिलं आणि सर म्हणाले, "जरा जागा वाढवा", की संध्याकाळ गेली. म्हणून त्या मापाला एकदाच नाव द्यावं. त्यासाठी लेटेकच्या दोन आज्ञा आहेत: न्यूकमांड आणि न्यूलेंथ.

न्यूकमांड म्हणजे निव्वळ मजकुराची अदलाबदल. 'गॅप' नावात '1 एम' ठेवलं, की नाव येईल तिथे तीच अक्षरं बसतात. एम म्हणजे साधारण फॉन्टच्या आकाराएवढं माप; तो त्या जागच्या फॉन्टवरून मोजला जातो, त्यामुळे तळटीपेत जागा आपोआप आटते. हे मला फार आवडतं. पण दुप्पट जागेसाठी गॅपच्या आधी 2 लावून बघा: लेटेक ते 21 एम वाचतं! एरर येत नाही, 10 पॉइंटच्या फॉन्टमध्ये सात सेंटीमीटरहून जास्त जागा कोरी सुटते.

न्यूलेंथमध्ये गॅप हे खरंखुरं माप असतं. 2 लावा, दुप्पट; 0.5 लावा, निम्मं. मापाला किंमत देणाऱ्या सेटलेंथ या आज्ञेच्या वेळी जो फॉन्ट चालू, त्याचाच एम कायम राहतो. प्लस-मायनसची लवचीकता (माप किती ताणता-आकसता येईल ते) दिली असेल, तर गुणाकारात ती गळते, एवढं लक्षात असू द्या.

प्रश्नपत्रिकेसाठी मी न्यूलेंथच घेईन, आणि उभी जागा सोडणाऱ्या व्हीस्पेस या आज्ञेसकट छोटी न्यूकमांड तिच्यावर बांधेन. त्यात व्हीस्पेसला तारांकन (*) हवंच, नाहीतर पानाच्या माथ्यावर आलेली जागा लेटेक गिळून टाकतं.