गायरानातली खदान आणि पर्यावरण मंजुरीची सेवा: पाचपैकी दोन स्टार

सेवा कोणती ते आधी सांगतो. गायरानातली खदान, नदीतला वाळूघाट, डोंगराचा मुरूम, असं सरकारी जमिनीतलं गौण खनिज काढायच्या आधी जी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते, ती. अर्ज ठेकेदार करतो, अहवाल बनवणारा कन्सल्टंट तोच लावतो, त्याचे पैसे बी तोच देतो आणि मंजुरीचं पत्र त्याच्याच नावानं निघतं, त्यामुळं कागदावर गिऱ्हाईक तोच. पण गायरान गावाचं, विहिरीतलं पाणी गावाचं आणि धूळ बी गावाच्याच वाट्याला, म्हणून हा रिव्ह्यू गावाकडून. आम्ही जालना-बीडच्या सीमेवरचे, गोदाकाठापासून जरा आत, मोसंबी आणि कापसाचा पट्टा. गावाचं नाव टाकत नाही कारण प्रकरण अजून मिटलेलं नाही.

स्टारचं कसं धरलंय ते बी सांगतो. २०२२ च्या जानेवारीत केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं ही मंजुरी देणाऱ्या राज्यांच्या प्राधिकरणांना स्टार द्यायची पद्धत काढली होती. मंजुरी सरासरी ८० दिवसांच्या आत दिली तर २ गुण, १०५ दिवसांच्या आत दिली तर १. आणि जागेवर जाऊन पाहणी १० टक्क्यांपेक्षा कमी प्रकरणांत केली तर पूर्ण १ गुण, २० टक्क्यांच्या वर केली तर शून्य. म्हणजे जो जास्त बघायला जाईल त्याचे मार्क कमी! देशभर टीका झाली यावर, आणि व्हायलाच पाहिजे होती. मी स्टार देताना मुख्य तीन गोष्टी बघितल्यात: जागा कोणी पाहिली का, लोकांचं ऐकलं का, आणि मंजुरी दिल्यावर परत कोणी वळून बघितलं का.

आता जागा कशी आहे. गावाच्या उगवतीला डोंगर आहे, सातबाऱ्यावर मालक सरकार, प्रकार गायरान. उन्हाळ्यात आख्ख्या गावाची शेरडं-मेंढरं तिथंच असतात, आणि पायथ्याला काही भूमिहीन घरं पिढीभरापासून जवारी-तूर पेरत्यात. १४ एप्रिल १९९० च्या आधीपासून कसणाऱ्यांची अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय १९९१ चा आहे, मराठवाड्यात हा विषय घरोघरी माहिती आहे, तरी सातबारा हातात न पडलेले लोक अजून आहेत. खदानीच्या अर्जात या सगळ्या डोंगराचं वर्णन काय, तर पडीक सरकारी जमीन, वस्ती नाही, शेती नाही. पायथ्याच्या विहिरी तर नकाशात दिसतच नव्हत्या.

विहिरींचं महत्त्व बाहेरच्याला पटकन कळणार नाही. आपल्याकडं खाली सगळा काळा पाषाण, तो पाणी धरत नाही. पाणी मुरतं ते वरच्या मुरमाच्या थरात आणि दगडाच्या भेगांत, तिथून झिरपत पायथ्याच्या विहिरीला येतं. मुरूम उचलला, खाली सुरुंग लावून दगड काढला की पाणी साठवायची जागाच गेली. ज्या मराठवाड्यात २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं डोंगराचा मुरूम म्हणजे नुसतं रस्त्यात टाकायचं मटेरियल असं कोणी समजू नये.

नियम कागदावर वाईट नाहीत, हे मी मुद्दाम सांगतो. पर्यावरण मंजुरीची मूळ अधिसूचना १४ सप्टेंबर २००६ ची. २७ फेब्रुवारी २०१२ ला सुप्रीम कोर्टानं दीपक कुमार प्रकरणात सांगितलं की ५ हेक्टरच्या आतल्या गौण खनिजाला बी पर्यावरण मंजुरी लागणारच. तोपर्यंत लहान लहान तुकडे करून सगळं मोकळं सुटत होतं. पुढं २०१६ मध्ये जिल्हा पातळीवर समित्या केल्या आणि ५ हेक्टरपर्यंतचे अर्ज तिथंच निघू लागले, ते २०१८ मध्ये हरित न्यायाधिकरणानं, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांच्या कोर्टानं, सतेंद्र पांडे प्रकरणात चुकीचं ठरवलं आणि फाईली राज्याच्या प्राधिकरणाकडं गेल्या. पण एक भोक तसंच राहिलं आणि तेच आमच्या डोंगराला भोवलं. ५ हेक्टरच्या आतल्या एकट्या खदानीला जनसुनावणी नाही, पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा सविस्तर अहवाल नाही, फॉर्म आणि व्यवस्थापन आराखडा दिला की झालं. मग डोंगर एकदम कोणी मागतच नाही, आज एका नावानं साडेचार हेक्टर, उद्या दुसऱ्या नावानं चार, परवा तिसरा. गावाला कळतं कधी, तर पोकलेन चढल्यावर.

यावर उतारा नियमातच आहे आणि लोकांना हेच माहिती नसतं. एका खदानीच्या हद्दीपासून ५०० मीटरच्या आत त्याच खनिजाची दुसरी खदान असली की ते क्लस्टर धरायचं, सगळ्यांचं क्षेत्र एकत्र मोजायचं, आणि ते ५ हेक्टरच्या वर गेलं की अहवाल बी लागतो आणि जनसुनावणी बी लागते.

आता सेवेतली सगळ्यात चांगली गोष्ट, परिवेश पोर्टल, म्हणजे या मंजुरीच्या अर्जांची सरकारी वेबसाईट. २०१८ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं. काढलं अर्जदाराच्या सोयीसाठी असलं तरी अर्ज, नकाशे, बैठकीचा अजेंडा, इतिवृत्त, मंजुरीपत्र असं बरंच काही तिथं कोणालाबी बघायला मिळतं. जिल्हा टाकून शोधायचं. अर्जासोबत खदानीच्या हद्दीची केएमएल फाईल असते, ती उतरवून मोबाईलवरच्या गुगल अर्थमध्ये उघडली की हद्द थेट आपल्या डोंगरावर दिसती. आमच्या गावातल्या बारावीच्या पोरीनं ते करून दाखवलं, शेजारच्या दोन खदानींच्या हद्दी त्याच नकाशावर टाकल्या, मोजपट्टी लावली तर अंतर ५०० मीटरच्या लई आत. विहिरी, जवारीची वावरं, जिल्हा परिषदेची शाळा, सगळं त्याच चित्रात आलं. आम्ही तेवढं एक चित्र, विहिरींचे फोटो आणि ग्रामसभेचा ठराव जोडून लेखी हरकत पाठवली. अर्ज पुढच्या बैठकीत अडला, क्लस्टर धरा म्हणून सांगितलं गेलं, आणि जनसुनावणी लागली. या पोर्टलला एक स्टार, मनापासून. खटकतं एवढंच की महत्त्वाचे कागद बहुतेक इंग्रजीत असतात. ज्याच्या विहिरीबद्दल लिहिलंय त्याला ते वाचता येत नाही, हे बरोबर नाही.

दुसरा स्टार जनसुनावणीला, पण त्यात कापाकापी आहे.

नियम असाय की ३० दिवस आधी जाहीर नोटीस, एक राष्ट्रीय आणि एक स्थानिक भाषेतलं दैनिक, आणि जिथं पेपर पोचत नाही तिथं दवंडी पिटून किंवा रेडिओ-टीव्हीवरून लोकांना कळवायचं. दवंडी हा शब्द मी माझ्या मनानं घातलेला नाही, ढोल वाजवून कळवा असं अधिसूचनेतच लिहिलंय. आमच्याकडं दवंडी झाली नाही. जाहिरात ज्या पेपरात आली तो आमच्या गावात येत नाही. तालुक्याच्या एका कार्यालयात अहवालाची प्रत बघायला गेलो तर कपाटाची चावी ज्याच्याकडं तो रजेवर. तीस दिवसांतले किती दिवस असे गेले ते मोजण्यात अर्थ नाही, पण ज्याला मजुरी बुडवून जावं लागतं त्यानं परत का जावं? मराठीतला सारांश मिळाला तो वाचून बी मळमळलं, 'परिसंस्थेवर नगण्य परिणाम अपेक्षित' अशी वाक्यं आणि मोसंबीचा उल्लेखच नाही. ज्या गावाची पन्नास वर्षं मोसंबीवर गेली त्याच्या अहवालात मोसंबी नाही.

सुनावणी मात्र झाली, आणि चांगली झाली असं मी म्हणतो. प्रमुख म्हणून जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालचा नसलेला अधिकारी लागतो, प्रदूषण नियंत्रण मंडळानं भरवायची, सगळं व्हिडिओत घ्यायचं. कोरमची अट नाही, म्हणजे दहा लोक आले तरी सुनावणी झाली असंच धरतात, म्हणून गावानं रोजंदारी सोडून जाणं गरजेचंच होतं आणि लोक गेले. पुढच्या खुर्च्यांवर ठेकेदाराची माणसं आधीच येऊन बसली होती, बाया मागं उभ्या. पहिला अर्धा तास नुसता रोजगार मिळणार, रस्ता होणार असं चाललं. मग गायरान कसणाऱ्या एक म्हाताऱ्या आजी माईकपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "साहेब, या नकाशात माझं जवारीचं वावर कुठंय ते दाखवा." कन्सल्टंटला दाखवता येईना. अधिकाऱ्यानं कन्सल्टंटला थांबवलं, आजींना खुर्ची दिली, आणि हे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या म्हणून सांगितलं. त्या साहेबांचं कौतुक आहे, नाव मुद्दाम घेत नाही. त्यानंतर सगळ्यांचीच जीभ सुटली. कापूस फुटला की धूळ बसून त्याची प्रत जाती, व्यापारी भाव पाडतो. सुरुंगानं शाळेच्या भिंतीला चिरा पडल्यात. मेंढरं चारायला जागा राहिली नाही तर मेंढपाळानं जायचं कुठं. पाणंद रस्त्यावरून हायवा, म्हणजे मोठे डंपर, सुरू झाल्या तर लेकरं शाळेत जाणार कशी. एकेक मुद्दा असा की जो अहवालातल्या शेकडो पानांत नव्हता.

शेवटी इतिवृत्त लोकांसमोर मराठीत वाचून दाखवायचं असतं, हे लक्षात ठेवा आणि वाचून दाखवल्याशिवाय उठू नका. आमच्याकडं वाचताना मोसंबीचा मुद्दा आणि विहिरींची संख्या राहिली होती, सरपंच ताईंनी उभं राहून परत घालायला लावली. त्याच विहिरी पुढं मंजुरीच्या अटींत आल्या. सांगायचं कारण एवढंच की जागा बघायला कोणी आलं नसलं तरी जागा माहिती असलेली माणसं बोलली आणि कागद बदलला. ५ हेक्टरच्या आत हीच एक गोष्ट काढून टाकलीय.

मंजुरी मिळालीच शेवटी, क्षेत्र कमी होऊन आणि अटी घालून. विहिरींच्या बाजूनं अंतर सोडायचं, सुरुंग ठरलेल्या वेळेतच, रस्त्यावर पाणी मारायचं, कडेनं झाडं लावायची, पाणीपातळी मोजायची. अटी वाचून बरं वाटलं होतं. पण यापुढच्या भागाला माझ्याकडून शून्य. दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटी पाळल्याचा सहामाही अहवाल द्यायचा असतो आणि तो सार्वजनिक कागद आहे असं अधिसूचना सांगते. आमच्या खदानीचा असा अहवाल मागायला गेलो तर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. पाणी मारणारा टँकर आम्ही बघितला नाही. झाडं लावली ती पहिल्या उन्हाळ्यातच वाळली, त्याला पाणी घालायचं कोणाच्याच डोक्यात नव्हतं. ज्या कार्यालयानं तपासायचं तिथं माणसं कमी हे मला मान्य आहे, पण मग मंजुरी देताना तपासायला माणूस आहे का हे बी बघायला नको का? अटी मोडल्या तर मोजणार कोण हेच ठरलेलं नसेल तर पाण्यापासून ठेवायचं अंतर कागदावरच राहतं, आणि ते आमच्याकडं दर महिन्याला थोडं थोडं कमी होऊ लागलंय.

वाळूघाटाचं थोडक्यात सांगतो, गोदाकाठच्या लोकांना ते माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. घाटाच्या लिलावाआधी जिल्हा सर्वेक्षण अहवाल लागतो, त्याचा मसुदा जिल्ह्याच्या वेबसाईटवर २१ दिवस हरकतींसाठी ठेवायचा असतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की पावसाळ्यात नदीत नवी वाळू किती भरून येते याचा अभ्यास नसेल तर त्या अहवालाच्या आधारे मंजुरी देता येत नाही. हे फार मोठं आहे. आणि मुरमाचं बघा, रस्ते-पाइपलाइनसारख्या कामांना साधी माती काढायला मंजुरीच नको असं २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊनच्या पहिल्या दिवसांत केलं होतं, ते सुप्रीम कोर्टानं २१ मार्च २०२४ ला रद्द केलं. त्या चार वर्षांत रस्त्याच्या कडेचे किती डोंगर बसले ते जालन्याहून नांदेडकडं जाताना खिडकीतून बघा.

तर दोन स्टार, पोर्टलचा एक आणि सुनावणीचा एक. जागेची पाहणी नाही म्हणून एक कापला, मंजुरीनंतर देखरेख नाही म्हणून एक कापला, आणि ५ हेक्टरच्या आत गावाला विचारतच नाहीत म्हणून तिसरा. सरकारनं उद्या गायरान आणि नदी अशा सार्वजनिक जागेवर क्षेत्र कितीबी असो ग्रामसभेपुढं सुनावणी सक्तीची केली तर मी हा रिव्ह्यू आनंदानं बदलीन.

ज्यांच्या गावात अर्ज आलाय त्यांच्यासाठी: हरकत लेखीच द्या, पोच घ्या, आणि नुसता विरोध लिहू नका, विहिरी, घरं, शाळा यांची अंतरं लिहा. केएमएल फाईल पहिल्याच दिवशी उतरवून ठेवा. मंजुरी निघाल्यावर ठेकेदारानं ७ दिवसांत दोन स्थानिक पेपरात जाहिरात द्यायची असते, एक मराठी, आणि पंचायतीला पत्राची प्रत द्यायची असते, ती मागून घ्या. मंजुरीविरुद्ध अपील हरित न्यायाधिकरणाच्या पुण्याच्या पीठाकडं ३० दिवसांत करता येतं, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत चालतं, त्यापुढं नाही. त्यामुळं मंजुरी निघाल्याचं ज्या दिवशी कळेल त्याच दिवशी कॅलेंडरवर खूण करा आणि वकिलाला फोन लावा.