६० डॉलरचा फिगर स्केटिंग ड्रेस: आठ महिन्यांनंतर

परवा व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी झटकली तर त्यातून २३ खडे निघाले. तेव्हा ठरवलं, आता लिहायचंच.

लेक नऊ वर्षांची, इथे कॅनडात, मिसिसागाला, स्टार २ या सुरुवातीच्या पातळीवर स्केटिंग करते. शिवून घ्यायचा ड्रेस ४०० डॉलरच्या खाली मिळेना, आणि पोरगी तर सारखी वाढतेय. म्हणून ऑनलाइन तयार घेतला. निळा, पाठीला जाळी, गळ्याभोवती खडे. अंगात मस्त बसला, कारण वयाचा तक्ता न बघता गर्थ मोजला होता: खांद्यावरून, पायांमधून, परत त्याच खांद्यापर्यंत. तो कमी पडला की सिट स्पिनला, म्हणजे बसून गिरकी घेताना, खांदे काचतात. कापड, शिलाई, जाळी, कशालाच नाव ठेवायला जागा नाही.

पण खडे! पहिल्याच सरावात १४ गळले. पात्याखाली खडा आला तर पोर आपटते. मोठ्यांच्या स्पर्धेत पोशाखातलं काही बर्फावर पडलं की एक गुण कापतात. आमच्याकडे अजून गुण नाहीत, नुसती रिबन मिळते, पण म्हणून काय झालं? मी वाकून खडे वेचतेय आणि लेक दातओठ खात म्हणतेय, "आई, सगळे बघतायत गं!"

विक्रेत्याला चार मेल केले. उत्तर काय, तर 'धुण्याच्या सूचना वाचाव्यात.' रागाच्या भरात दोन तारे देऊन मोकळी झाले.

मग कळलं की आमच्या ह्यांनी ड्रेस टॉवेलांबरोबर ड्रायरमध्ये टाकला होता. दोनदा! उष्णतेनं गोंद सुटतो. त्यामुळे एक तारा परत देते. दुसरा नाही, कारण ते पहिले १४ ड्रायरच्या आधीचे. कापड न ताणता खडे चिकटवले होते, लायक्रा अंगावर ताणली गेली की ते उडणारच.

जानेवारीत सगळे नव्यानं लावले. ड्रेस ताणायला आत पोळपाट घालून पाहिला, त्याचे पाय आडवे आले. शेवटी भाजी चिरायचा बोर्ड चालला. एसएस १६ या मापाचे काचेचे खडे, दोन ग्रोस म्हणजे २८८, २६ डॉलर. गोंद ९. त्याच्या वासानं डोकं भणभणतं, म्हणून बाहेर उणे ११ असताना खिडकी उघडी. २४ तास हात लावायचा नाही.

हे सगळं व्हिडिओ कॉलवर बघून सांगलीहून आई म्हणाली, "गोंद कसला लावतेस? भोकाचे खडे आण आणि शीव. माझ्या शालूचा एक खडा हलला नाही अजून." मग पुढच्या बाजूला १४ डॉलरचे मोठे खडे शिवले, प्रत्येकाला वेगळी गाठ मारून, म्हणजे एक दोरा तुटला तरी माळ ओघळायला नको. चिकटवलेल्यांतले आतापर्यंत सहा गेले. शिवलेल्यांतला एकही नाही.

एकूण १०९ डॉलर. माझे दोन शनिवार धरलेले नाहीत.

आता गर्थ कमी पडायला लागलाय. पुढचा बिनखड्यांचाच घेतलाय, ४० डॉलरला. भोकाचे खडे आई पाठवतेय. ड्रायरच्या दाराला चिठ्ठी लावून झालीय.