जागतिक आंतरधर्मीय सलोखा सप्ताह: तारीख तयार मिळते, बाकी सगळं आयोजकावर

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २० ऑक्टोबर २०१० रोजी ठराव ६५/५ संमत करून फेब्रुवारीचा पहिला आठवडा या सप्ताहाला दिला. प्रस्ताव जॉर्डनचे राजे अब्दुल्ला दुसरे यांचा. स्नेहमेळावा भरवणाऱ्या मंडळींनी याकडे फुकट मिळणारी चौकट म्हणून पाहावं आणि तशीच तिची पारख करावी.

चौकटीची जमेची बाजू निमंत्रणपत्रिकेवरच कळते. एका प्रार्थनास्थळाने बोलावलं की बाकीचे पाहुणे होतात, कोपऱ्यात बसतात आणि चहा घेऊन निघतात. या सप्ताहाच्या नावाने बोलावलं की यजमानपद कुणा एकाचं राहत नाही. ठरावाची शब्दरचनाही विचारपूर्वक केलेली आहे: देवावर व शेजाऱ्यावर प्रेम, किंवा चांगुलपणावर व शेजाऱ्यावर प्रेम. त्या ‘किंवा’मुळे बौद्धांना आणि देव न मानणाऱ्यांनाही अवघडल्यासारखं होत नाही.

पैसा मात्र यातून मिळत नाही. जॉर्डनच्या राजांच्या नावाची बक्षिसं आहेत (२५, १५ आणि ५ हजार डॉलर), पण ती कार्यक्रम झाल्यावर, अहवाल पाहून दिली जातात. ती रक्कम अंदाजपत्रकात धरणं म्हणजे बाजारात तुरी.

खरी उणीव तारखेत आहे. सप्ताह सौर दिनदर्शिकेला बांधलेला, तर इस्लामी वर्ष ३५४-३५५ दिवसांचं. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि २०२८ व २०२९ या दोन्ही वर्षी हा आठवडा पूर्णपणे रमजानमध्ये येतो. दुपारच्या जेवणाचा बेत तेव्हा बाद. उलट संध्याकाळ इफ्तारला जोडली तर रमजानसारखी संधी दुसरी नाही. फक्त सूर्यास्तानंतर खजूर, पाणी आणि नमाज यांसाठी अर्धा तास मोकळा सोडायचा. आठवड्यातला वारही जपून निवडावा. शुक्रवारी दुपारी जुम्मा, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत ज्यूंचा शब्बाथ (साप्ताहिक विश्रांतीचा दिवस), रविवारी सकाळी चर्च. उरतात रविवारची दुपार आणि सोमवार ते गुरुवारच्या संध्याकाळी.

आता मंच. सप्ताहाच्या नावाखाली सर्वाधिक खपणारा प्रकार म्हणजे ओळीने भाषणं, आणि तोच सर्वांत कमी फळतो. आठ वक्ते, प्रत्येकी पाच मिनिटं: कागदावर चाळीस मिनिटं, प्रत्यक्षात दीड तास, आणि कलाकार विंगेत ताटकळत. बोलायचं असेल तर दोघांनी बोलावं, बाकी वेळ कलेला. दीड तासात पाच सादरीकरणं नीट बसतात. मात्र मधल्या चार बदलांना प्रत्येकी चार-पाच मिनिटं लागतात. ही वीस मिनिटं वेळापत्रकात कुणीच लिहीत नाही आणि कार्यक्रम रेंगाळतो तो इथेच.

ध्वनिचाचणी उलट्या क्रमाने घ्यावी, शेवटचा कलाकार आधी. मग पहिल्याची मांडणी मंचावर तशीच राहते आणि पडदा वेळेवर उघडतो. समूहगायनाला प्रत्येकाच्या हाती माईक दिला की स्पीकरमधून शिट्टी वाजणारच. समोर दोन-तीन कंडेन्सर माईक (लांबूनही बारीक आवाज टिपणारे) पुरतात, पण त्यांच्या रोखाने मॉनिटर स्पीकर (कलाकारांना त्यांचाच आवाज ऐकवणारा) नको. ढोल आणि तंतुवाद्य पाठोपाठ ठेवू नयेत: ढोलाला सरावलेल्या कानांना तारेचा बारीक आवाज पोचत नाही, तंत्रज्ञ आवाज चढवतो आणि पुन्हा शिट्टी.

कुराणपठण हा गाण्याचा कार्यक्रम नव्हे. त्यामागे तबला किंवा तानपुरा लावू नये, आणि संपल्यावर टाळ्या नकोत हे निवेदकाने आधीच सांगावं. सांगितलं नाही तर टाळ्या पडतात आणि पठण करणाऱ्याची पंचाईत होते. कोणताही धर्मग्रंथ जमिनीवर किंवा पादत्राणांशेजारी ठेवू नये. गुरु ग्रंथ साहिब तर मंचाची शोभा म्हणून मागूच नये. शीख मंडळींकडून कीर्तन, म्हणजे गुरबाणीचं गायन, मागावं. तेव्हा डोकं झाकायला रुमालांची टोपली दाराशी हवी, आणि पादत्राणं कुठे काढायची ते आधी ठरलेलं हवं. काही सनातनी ज्यू पुरुष स्त्रियांचं गाणं ऐकत नाहीत. हे आठवडाभर आधी विचारलं तर क्रम बदलून निभतं, त्या संध्याकाळी कळलं तर कुणीतरी उठून जातं.

जेवण. ‘शाकाहारी ठेवलं की सुटलो’ हा भ्रम आहे. जैनांना कांदा, लसूण, बटाटा चालत नाही आणि अनेक जण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. जेलीत आणि मार्शमेलोत बहुधा प्राण्यांपासून केलेलं जिलेटिन असतं, काही चीजमध्ये दूध घट्ट करायला वापरलेलं वासराच्या जठरातलं रेनेट, तर काही इसेन्समध्ये अल्कोहोल. जेवणाचा सगळा बेत सांभाळून गोडाच्या पदार्थाशी घात होतो तो यामुळे. कोशर, म्हणजे ज्यूंचे आहारनियम, पाळणाऱ्यांसाठी तुमचं स्वयंपाकघर कितीही स्वच्छ असलं तरी उपयोग नाही. प्रमाणित, सीलबंद डबे मागवावेत आणि ते ज्याचे त्यानेच उघडावेत. प्रत्येक भांड्यापुढे घटकांची चिठ्ठी हवी, त्यात शेंगदाणे, तीळ, दूध, गहू ठळक. शिवाय भांड्यागणिक वेगळा डाव, कारण एकच डाव चार भांड्यांत फिरला की चिठ्ठ्या लिहिण्याचा सगळा खटाटोप वाया.