आपापला डेक की घरचा एक डबा?

देवगडच्या भाच्याचा परवा फोन आला. "मामा, आम्ही पाच जण मॅजिक शिकलो. आता प्रत्येकाने कमांडरचा डेक घ्यायचा, की सगळ्यांनी पैसे काढून एक क्यूब बांधायचा?" मी बोलायला सुरुवात केली आणि रेंज गेली. त्याच्यासारखेच आणखी कुणी याच पेचात असतील, म्हणून सविस्तर लिहितो. मॅजिक (मॅजिक: द गॅदरिंग) हा पत्त्यांचा खेळ येतो असं धरून चालतो. डेक म्हणजे एका गड्याची पानांची जोड, क्यूब म्हणजे सगळ्यांच्या सामाईक पानांचा साठा. आम्ही त्यालाच डबा म्हणतो. मी दोन्ही करून बघितलं आहे. आधी चार वर्षं आपापले डेक, नंतर आजपर्यंत डबा.

कमांडरबद्दल आधी, कारण त्यावर माझं मनापासून प्रेम होतं. १०० पानं, बेसिक लँड (माना, म्हणजे पानं टाकायला लागणारी शक्ती, देणारी साधी पानं) सोडली तर एकही दुसऱ्यासारखं नाही, डोक्यावर आपल्या पसंतीचा कमांडर, म्हणजे डेकचा म्होरक्या. रात्री जेवणं आटोपल्यावर ओटीवर पानं पसरून "हे काढू, ते घालू" करत बसायचं, यात जो आनंद आहे तो क्यूबमध्ये नाही, हे कबूल करतो. क्यूबमधला डेक त्या रात्रीपुरता असतो. सकाळी तो मोडलेला असतो आणि त्याची आठवणसुद्धा राहत नाही. माझा हिरवा-काळा डेक अजून कपाटात तसाच आहे, मोडवत नाही. शिवाय २०११पासून कंपनीचे तयार डेक मिळतात. खोका फोडला की खेळायला बसता येतं. नवशिक्याला आपली १०० पानं पाठ झाली की पुरतं, दुसऱ्याची तो खेळता खेळता शिकतो. आणि प्रत्येकाला ४० आयुष्य असल्यामुळे कुणी पहिल्या दहा मिनिटांत उडत नाही.

तर मग सोडलं का? कारण एकच आहे. डेक घरी जातो.

आमचा गट म्हणजे आम्ही चौघे भाऊ, सख्खे आणि चुलत धरून. घर कुडाळला. मी गावातच. एक डोंबिवलीला, एक ठाण्याला, धाकटा पणजीला कॉलेजात. एकत्र येतो गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात आठवडाभर. पहिल्या वर्षी चौघांनी एकाच सुमाराचे चार तयार डेक घेतले. त्या गणपतीत भजन संपून उसळ-पाव झाला की पडवीत सतरंजी पडायची आणि पहाटेपर्यंत डाव चालायचे. कोण जिंकेल ते शेवटपर्यंत कळत नसे. मग विसर्जन झालं आणि चार डेक चार दिशांना गेले.

शिमग्याला परत आले तेव्हा त्यातला एक ओळखू येत नव्हता. डोंबिवलीच्या दादाने तीसेक पानं बदलली होती. त्यात त्याचा काहीच वाईट हेतू नव्हता, हे मला ठासून सांगायचं आहे. त्याला या खेळाची आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त ओढ. लोकलमध्ये उभ्याने तो याद्या वाचायचा, पगार झाला की दोन पानं घ्यायचा. धाकट्याचा डेक मात्र खोक्यातून निघाला तसाच होता. त्याच्याकडे महिन्याला उरतंच किती!

त्या शिमग्याचा एक डाव मला अजून दिसतो. पाचवी फेरी. दादाने लायब्ररी (आपला न उचललेला गठ्ठा) शोधणारं पान टाकलं, डेक हातात घेऊन एक पान काढलं, पिसला. पुन्हा शोधणारं पान, पुन्हा पिसला. मग दोन पानं शेजारी शेजारी ठेवली आणि समजावून सांगितलं की या दोघांचं चक्र आता थांबणार नाही, सगळे मेलात. धाकट्यासमोर चार लँड आणि एक प्राणी. तोही अजून आडवा झालेला नव्हता, त्याने एकदाही हल्ला केला नव्हता. त्याने हातातल्या पानांच्या कडा बोटांनी नीट जुळवल्या, ती उलटी ठेवली आणि म्हणाला, "मी घराक जातंय, तुमचा चालू दे." घर तर तेच होतं. तो उठून आत माजघरात जाऊन झोपला.

यावर उपाय आहेत आणि आम्ही ते केले. पैशांची मर्यादा घालून पाहिली. पण पानांचे भाव बदलतात आणि स्वस्तातली काही पानं महागड्या पानांपेक्षा जहरी असतात. पुढे २०२५ मध्ये कंपनीनेच डेकच्या ताकदीच्या पाच पायऱ्या आखून दिल्या. सर्वांत प्रभावी पानांची 'गेम चेंजर' नावाची यादी केली. पहिल्या दोन पायऱ्यांत त्यातलं एकही चालत नाही, तिसरीत तीनपर्यंत चालतात. अनोळखी लोकांबरोबर दुकानात बसायचं असेल तर ही सोय चांगली वाटते, निदान बोलणं कुठून सुरू करायचं ते कळतं. घरात अडचण वेगळी होते. भावाच्या डेकची झडती कोण घेणार? "तुझा कितव्या पायरीचा?" असं विचारलं की तो मनापासून "दुसऱ्या" म्हणतो, कारण त्याला तो दुसऱ्याच पायरीचा वाटतो. प्रत्येक डावाआधी ही बोलणी करायची आणि डाव फसला की ती बोलणी आठवायची, याचा मला हळूहळू इतका कंटाळा आला की पत्ते काढायलाच नको वाटू लागलं.

काही जण म्हणतात की चौघांच्या खेळात समतोल आपोआप येतो, जो वरचढ होईल त्याला बाकीचे तिघे मिळून आवरतात. काही अंशी हे खरं आहे. पण जो धोका पटावर दिसतो तोच आवरता येतो. हातात लपलेल्या दोन पानांना तिघे मिळून काय करणार? आणि सुरुवातीच्या उडीचं काय? सोल रिंग घ्या. एक माना देऊन दर फेरीला दोन देणारं हे पान जवळजवळ प्रत्येक तयार कमांडर डेकमध्ये येतं. चौघांच्याही डेकमध्ये एकेक असलं, तर कमांडर सोडून उरलेल्या ९९ पानांतून पहिली सात उचलताना ते कुणा ना कुणाच्या हातात येण्याची शक्यता साधारण चारात एक असते. म्हणजे दर चौथ्या डावाला एक गडी इतरांच्या दोन फेऱ्या पुढून सुरुवात करणार. सगळ्यांकडे आहे म्हणून ते न्याय्य आहे, हे मला पटत नाही. त्या रात्री ते एकाकडेच असतं.

डब्याची कल्पना मला सावंतवाडीत पक्की झाली. पाहुण्यांना घेऊन राजवाड्यात गेलो होतो, तिथे गंजिफा रंगवतात. दशावतारी गंजिफांची १२० गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. निम्म्या रंगांत दश्शी वरचढ, निम्म्यांत एक्का. तिघे बसतात, एकच जोड पिसून वाटली जाते. घरून पानं आणायचा प्रश्नच येत नाही. आपले सगळे पत्त्यांचे खेळ असेच आहेत आणि त्यात आपण कधी वाद घातला नाही, हे तिथे उभं असताना माझ्या मनात आलं.

क्यूब म्हणजे तेच. पानं सगळ्यांची. बसल्यावर ड्राफ्ट करून, म्हणजे गठ्ठे फिरवत एकेक पान निवडून, प्रत्येकाने आपला ४० पानांचा डेक त्या रात्रीपुरता बांधायचा. आमच्या डब्यात ३६० पानं आहेत, बहुतेक कॉमन (सहज मिळणारी), आणि वर १०० बेसिक लँड. चौघांना एका वेळी १८० पानं लागतात, त्यामुळे अर्धा डबा दर वेळी झाकलेलाच राहतो आणि एखादं पान आज येईलच याची कुणाला खात्री नसते. नेहमीच्या पद्धतीने प्रत्येकी १५ पानांचे तीन गठ्ठे चौघांत फिरवले तर तेच गठ्ठे इतक्यांदा परत येतात की सगळ्यांना सगळं माहीत होतं. आम्ही नऊ पानांचे पाच गठ्ठे करतो. पानं तितकीच होतात, प्रत्येकी ४५.

पण एक सांगतो, जे क्यूब लोक बांधतात ते बहुतेक दोघांच्या सामन्यांसाठी असतात. तसाच उचलून चौघांत खेळलात तर फसाल. मी फसलो. दोघांत जे पान साधं असतं ते चौघांत वेगळं वागतं. मी एक पान खर्चून तुझा एक प्राणी मारला, तर दोघांचं एकेक पान गेलं आणि बाकीचे दोघे बसल्या जागी पुढे गेले. म्हणून असली मारक पानं चौघांत हलकी पडतात. छोट्या-छोट्या लाल प्राण्यांची झटपट धाड तर निकामीच. दोघांत २० आयुष्य संपवायचं असतं. आम्ही प्रत्येकी ३० ठेवलं, म्हणजे तिघांचं मिळून ९०. पहिल्या मे महिन्यात लाल रंग घेणारा दरवेळी शेवटचा यायचा, शेवटी कुणी लाल उचलेनासं झालं. मी त्यातली निम्मी पानं काढून 'प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला' इजा करणारी घातली, तेव्हा कुठे त्यात जीव आला.

उलट बाजूला ग्रे मर्चंट. पाच मानाचं कॉमन पान. तुमच्या पटावर काळ्या मानाची जितकी चिन्हं, तितकं आयुष्य प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचं जातं आणि गेलेलं सगळं तुम्हाला मिळतं. चार चिन्हं असली तर दोघांच्या डावात चार जातात, चार मिळतात. चौघांत तिघांचे चार-चार जातात आणि टाकणाऱ्याला बारा मिळतात. ठाण्याच्या भावाने एका रात्री तो स्मशानातून (वापरून झालेल्या पानांच्या ढिगातून) दोनदा परत आणला आणि डाव तिथेच संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना सगळ्यांच्या संमतीने ते पान बाहेर काढलं. आपापल्या डेकच्या काळात हे शक्य नव्हतं. कुणाच्या डेकमधलं पान काढा म्हणणं म्हणजे त्याला बोलणं. डब्यातलं पान काढलं तर कुणालाच लागत नाही.

समोरच्याला हल्ला करण्यासाठी माना भरायला लावणारी पानं मी मुळात घेतलीच नाहीत. त्यांच्या आड बसून राहणं सोपं होतं आणि डाव लांबतो. त्याऐवजी मोनार्क आणणारी पानं घातली, पॅलेस सेंटिनल्ससारखी. मोनार्क ज्याच्याकडे तो आपल्या फेरीच्या शेवटी एक पान जास्त ओढतो, आणि त्याला प्राण्याने इजा केली की मोनार्क मारणाऱ्याकडे जातो. बसून राहणं परवडत नाही, सगळे एकमेकांच्या अंगावर जातात. लायब्ररी शोधणारी पानं, सोल रिंग, न थांबणारी चक्रं यांना डब्यात जागा नाही.

डब्याचा त्रासही आहे आणि तो सांगायला हवा. बांधणारा एकटा असतो. ३६० पानं जमवणं, मोजणं, सगळ्यांना एकाच गठ्ठ्यातली स्लीव्ह घालणं, हे माझ्या पावसाळ्याच्या कित्येक संध्याकाळी खाऊन गेलं. नवशिक्याला प्रत्येक गठ्ठ्यात नऊ नवी पानं इंग्रजीतून वाचावी लागतात, तो गांगरतो. आम्ही शेजारच्या मुलाला पहिल्या दोन रात्री कुणाच्या तरी जोडीला बसवलं. ड्राफ्टला आमच्याकडे पाऊण तास तरी जातो, गप्पा रंगल्या तर तासाच्या वर.

आणि आपल्या किनाऱ्यावर एक खास काळजी घ्यावी लागते. चकाकणारी फॉइल पानं डब्यात घालू नका. कागद दमट हवा पितो, वरचा चकाकता थर पीत नाही, आणि पान वाकतं. जुलैत माझी फॉइल पानं तव्यावरच्या पापडासारखी झाली होती. आपल्या डेकमध्ये ते फक्त वाईट दिसतं. सामाईक डब्यात ती खूण होते. गठ्ठ्यात वाकलेलं पान वरून कळतं आणि पुढचं पान कुठलं हे समोरच्याला आधीच ठाऊक होतं. मी फॉइल सगळी काढली, आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून तो कपाटाच्या वरच्या खणात ठेवतो.

तेव्हा भाच्या, तुम्ही पाचही जण देवगडातच राहणार असाल, आठवड्याला भेटणार असाल आणि सगळ्यांचे खिसे सारखे असतील, तर कमांडर घ्या, मजा येईल. बदल सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतील. पण मला माहीत आहे की बारावीनंतर तुमच्यातले दोघे रत्नागिरीला आणि एक पुण्याला जाणार आहे. एकदम ३६० पानांचं ओझं वाटत असेल तर मधला मार्ग आहे. पाचांनी मिळून एकाच सुमाराचे पाच तयार डेक घ्या, त्यातली सोल रिंग काढून टाका, आणि ते कुणाच्याही मालकीचे न ठेवता एकाच घरी ठेवा. रात्री चिठ्ठ्या टाकून कुणी कुठला खेळायचा ते ठरवा. सहा महिन्यांनी त्यातल्याच पानांपासून डबा सुरू करता येईल.

आमच्या डब्याच्या झाकणात एक वही असते. दर मुक्कामाच्या शेवटी पाच पानं बाहेर आणि पाच आत, चौघांच्या संमतीने, याहून जास्त नाही. डोंबिवलीचा दादा आता लोकलमध्ये डब्यासाठी याद्या वाचतो आणि आत येणाऱ्या पाचांपैकी तीन बहुतेक त्याचीच असतात. गेल्या गणपतीत धाकटा त्यातल्याच एका पानावर जिंकला. या वेळी तो ग्रे मर्चंट परत आत घ्या म्हणून मागे लागला आहे. मी अजून होकार दिलेला नाही.