खिळे जुळवायचे की प्लेट करून घ्यायची?

लेटरप्रेसवर, म्हणजे उठावाच्या अक्षरांना शाई लावून ती कागदावर दाबणाऱ्या जुन्या छपाईयंत्रावर, छापायचं तर आज दोन वाटा आहेत: शिशाचे खिळे हाताने जुळवा, नाहीतर संगणकावर मजकूर मांडून फोटोपॉलिमर प्लेट करून घ्या.

खिळा म्हणजे शिसं, कथील आणि अँटिमनी यांचा ओतीव तुकडा, साधारण 0.918 इंच उंच. अक्षर उलटं असतं, म्हणून जुळारी ओळ उलटीच वाचतो. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची तरी तिथे धातूचा कोरा तुकडा घालावा लागतो. रिकामी जागाही हाताला लागते! शिवाय ‘अ’चे खिळे संपले की संपले. मग वाक्यच बदला.

प्लेटचं काम सोपं. निगेटिव्हमधून अतिनील प्रकाश पडतो तिथे पॉलिमर घट्ट होतं, बाकीचं पाण्याने धुऊन जातं. कोणताही फाँट, कोणतंही चित्र चालतं. चूक मात्र छापताना दिसली तर नवी प्लेट. खिळा चिमट्याने उचलून बदलता येतो.

सिनेमाच्या पडद्यावर दिसतात ते खिळेच. ते खडखडणारं यंत्र, शाईने काळी झालेली बोटं. लग्नपत्रिकांमध्ये आवडतो तो अक्षरांचा कागदात रुतलेला खोल दाब मात्र बहुतेक प्लेटचा असतो. गंमत म्हणजे जुने छपाईवाले असा दाब दोष मानत: कागदाच्या मागे उठाव आला की खिळे झिजणार.

पत्रिका छापायची तर मी प्लेट घेईन. चार ओळींची कविता असेल, तर खिळेच.