घाटासाठी गिअर बदलताय? आरडीचा नंबर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका

रोडबाईकला चढासाठी हलका गिअर टाकून घ्यायचा विचार असेल त्यांनी हे वाचाच, कारण दुकानदाराने माझ्याकडून नव्या आरडीचे (रिअर डिरेलर, म्हणजे मागच्या चाकापाशी चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) पैसे घेतले आणि जुनीच परत लावून दिली, तेही इतक्या सफाईने की पहिल्यांदा सिंहगड केला तेव्हा मी खूश होतो.

सायकलचे गिअर शिमानो कंपनीच्या १०५ मालिकेचे, मॉडेल आर७०००. पुढे ५० आणि ३४ दातांच्या दोन चकत्या, मागे ११-२८ कॅसेट, म्हणजे ११ ते २८ दातांच्या चकत्यांचा संच. सपाटीला झकास, पण सिंहगडाच्या पायथ्याची गोळेवाडी सोडली की थोड्याच वेळात सगळ्यात हलक्या गिअरवर येऊन बसायचं आणि पुढे गिअरच शिल्लक नाही, मग उभं राहून रेटत राहा, गुडघ्यांची वाट. ३४ला २८ म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण अडीच मीटर जाते, मागे ३४ दाती टाकली की तेच दोन मीटरच्या थोडं वर येतं. ऐकायला किरकोळ वाटतं, चढावर पायांना विचारा.

अडचण अशी की माझी आरडी एसएस, म्हणजे शॉर्ट केजवाली (केज म्हणजे चेन ताणून धरणारा आरडीचा खालचा हात), कंपनीच्या हिशोबाने ती ३० दातांपर्यंतच. ३४साठी जीएस लागते, तिची केज लांब असते. हे सगळं दुकानदारानेच मला नीट समजावलं, म्हणजे माणसाचं ज्ञान पक्कं होतं हो. बिलात कॅसेट, चेन आणि नुसतं 'आरडी १०५', ५,४०० रुपये, लेबर वेगळं. जुनी आरडी मागितली तर "ती भंगारात गेली दादा, कामाची नव्हती". चांगली चालणारी आरडी कोण भंगारात टाकतं!

चढ खरंच हलका झाला होता, ते खोटं नाही. पण खाली सपाटीला पुढे ३४ आणि मागे सगळ्यात लहान चकत्यांवर आलो की चेन लोंबायची, फ्रेमवर खडखडायची, शिफ्टिंग पण ढिलं. फोन केला तर म्हणे "सर ते क्रॉस चेनिंग, पुढे लहान मागे लहान केलं की चेन तिरकी धावते, तो गिअर वापरायचाच नसतो". आता हे तत्त्व म्हणून बरोबरच आहे त्यामुळे पुढे काय बोलणार.

मग एका मित्राने सायकल धुताना दाखवलं की आरडी आणि हँगरच्या (फ्रेमचा जो कान आरडी धरून ठेवतो तो) मध्ये एक छोटी धातूची पट्टी आहे. हँगर एक्स्टेंडर. काहीशे रुपयांची वस्तू. ती आरडीला खाली सरकवते, त्यामुळे ३४ची चकती घासत नाही, पण केज काही लांब होत नाही ना. हिशोब सरळ आहे, पुढच्या लहान-मोठ्या चकत्यांतला फरक १६ दात, मागच्या ११-३४चा २३, एकूण ३९, तेवढी सैल चेन केजने ओढून धरायची असते. जीएस बरोबर ३९ सांभाळते, एसएस ३५च, म्हणून ती जास्तीची चेन लोंबत होती. आरडीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात नंबर कोरलेला असतो, टॉर्च मारून वाचला, शेवटी एसएस. आणि कात्रजला पडलो होतो तेव्हाचा ओरखडा काळ्या मार्करने रंगवलेला!! याला म्हणतात मेहनत.

दुकानात गेलो तर आधी "तुमचं ३४ चालतंय ना मग झालं", मग "पोराने चुकून लावली असेल". मार्करचं विचारलं तेव्हा गप्प. आरडीचे पैसे दिले परत, लेबर नाही दिलं, मीही नाद सोडला.

एक्स्टेंडर वाईट नाही हं, खूप जण एसएसवर ३२ चालवतात, पण सांगून लावा आणि त्याचेच पैसे घ्या. बिलावर पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या, एसएस की जीएस ही शेवटची अक्षरं धरून. नव्या आरडीचा खोका आणि काढलेला जुना पार्ट दोन्ही हातात घ्या. आणि निघण्याआधी तिथेच स्टँडवर पुढे लहान मागे लहान, मग मोठं-मोठं करून बघा, मोठं-मोठंला चेन फार ताणली जात असेल तर सायकल रस्त्यावर आणूच नका, आरडी हँगरसकट उपटून निघते.

आता दुसरीकडून जीएस बसवली, चेन लोंबत नाही. ती पट्टी माझ्याकडे पडून आहे, पुण्यात कुणाला ३२साठी हवी असेल तर फुकट घेऊन जा.