गाण्यांची नावं गिचमिड दिसतात: विंडोजची सेटिंग बदलायची की फाइलच दुरुस्त करायची?

सोलापुरातल्या घरांमध्ये गाण्यांचा पेनड्राइव्ह एका भाषेचा क्वचितच असतो. मराठी भजनं, अक्कलकोटकडच्या पाहुण्यांनी दिलेली कन्नड वचनं, पूर्व भागातल्या मित्राकडची तेलुगू गाणी, एखादी उर्दू कव्वाली. फोनवर नावं नीट दिसतात, कॉम्प्युटरवर गिचमिड होते आणि गाडीत नुसते चौकोन उमटतात. यावर लोक तीन उपाय सांगतात: विंडोजची भाषेची सेटिंग बदला, फाइलमधले टॅग, म्हणजे फाइलच्या आत लिहिलेली गाण्याचं नाव-गायक अशी माहिती, दुरुस्त करा किंवा नावं सरळ रोमनमध्ये लिहा.

निवड करण्याआधी स्क्रीनवर नेमकं काय दिसतंय ते बघा. चौकोन दिसत असतील तर माहिती शाबूत आहे, त्या यंत्रात फाँट नाही एवढंच. प्रश्नचिन्हं दिसत असतील आणि ती दुसऱ्या प्लेअरमध्येही तशीच राहत असतील, तर मूळ अक्षरं केव्हाच पुसली गेली आहेत. नाव नव्याने टाइप करा, वेळ घालवू नका. आणि डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए (à), मध्येमध्ये जपानी येनचं चिन्ह, असा मजकूर असेल तर ती चांगली बातमी आहे. यूटीएफ-८ ही सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत; देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिच्यात तीन बाइट (साठवणीचे छोटे घटक) घेतं आणि पहिला बाइट कायम तोच असतो, म्हणून तो ए पुन्हा पुन्हा येतो. हे नाव परत मिळवता येतं.

आता पहिला उपाय. कंट्रोल पॅनलमध्ये रीजन, तिथे अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टॅब आणि सिस्टिम लोकेल, म्हणजे जुन्या प्रोग्रॅमसाठी विंडोजने धरायची भाषा. रशियन किंवा थाई गाण्यांसाठी हा सल्ला खरंच लागू पडतो, कारण त्या भाषांना विंडोजची जुनी कोडपेज (कोणत्या बाइटला कोणतं अक्षर याचे तक्ते) आहेत: १२५१ आणि ८७४. उर्दूलाही १२५६ चा आधार आहे. मराठी, कन्नड, तेलुगूसाठी सिस्टिम लोकेलला जोडलेलं असं कोडपेज कधी नव्हतंच, त्यामुळे लोकेल बदलून मराठी नाव सुधारेल ही आशाच सोडा. तिथेच यूटीएफ-८ चा बीटा म्हणून एक चौकट आहे. तिच्यावर टिक केल्याने काही प्रोग्रॅममध्ये नावं सुधारतात, पण ती तुमच्याच कॉम्प्युटरवर, आणि दुकानातलं जुनं बिलिंग सॉफ्टवेअर त्यापायी बिघडू शकतं. मी तरी हा मार्ग घेणार नाही.

दुसरा उपाय म्हणजे टॅगची दुरुस्ती. इथे थोडं खोलात जायला हवं. एमपीथ्री फाइलच्या शेवटी आयडी३ (एमपीथ्रीमधल्या टॅगचा ठरलेला साचा) आवृत्ती १ चा १२८ बाइटचा तुकडा असू शकतो आणि त्यात गाण्याच्या नावाला जागा फक्त ३० बाइट. 'सिद्धेश्वर महाराजांची आरती' हे नाव यूटीएफ-८ मध्ये तिथे घातलं तर 'सिद्धेश्वर' एवढ्यावरच जागा संपते. काना-मात्रा आणि हलंत धरून दहा चिन्हं, तीस बाइट. म्हणून हा तुकडा काढून टाकलेला बरा. आवृत्ती २.३ मध्ये यूटीएफ-१६ (यूटीएफ-८ सारखीच दुसरी पद्धत) चालतं, २.४ मध्ये यूटीएफ-८ सुद्धा आलं, पण जुने प्लेअर आणि जुनं विंडोज २.४ वाचत नाहीत. तेव्हा २.३ आणि यूटीएफ-१६ ही जोडी धरा.

विंडोजवर टॅग बदलणारं एमपीथ्रीटॅग मोफत आहे आणि मुळात याच जोडीत लिहितं. चार-दोनशे गाणी असतील तर मी तेच सुचवेन. लिनक्सवाल्यांनी किड३ घ्यावं. तेही मोफत, आणि एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) सेटिंगमधून निवडता येतं. पिकार्ड नावाचं सॉफ्टवेअर गाण्याच्या ध्वनीवरून नाव शोधून आणतं, प्रसिद्ध चित्रपटगीतांना उत्तम. आपल्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग त्याला कुठून सापडणार? शिवाय ते मुळात २.४ लिहितं, तो पर्याय आधी बदलावा लागतो. हजारो फाइल असतील आणि कमांड लिहायची भीती नसेल तर पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या म्युटाजेन संचाबरोबर येणारं मिड३आयकॉन्व्ह टॅगचं एन्कोडिंग एका फटक्यात बदलतं. मात्र आधी ड्राय-रन, म्हणजे फाइल न बदलता नुसती चाचणी, करा. तेसुद्धा २.४ मध्येच साठवतं, हे ध्यानात ठेवा.

दुरुस्तीनंतर जोडाक्षरं असलेली दोन-तीन नावं मुद्दाम तपासा. हलंताच्या शेवटच्या बाइटला विंडोज १२५२ (इंग्रजीसारख्या भाषांचं कोडपेज) मध्ये अक्षरच नाही. गिचमिड मजकूर मधे कुठे कॉपी-पेस्ट झाला असेल तर तो बाइट गळतो आणि 'सिद्धेश्वर' फुटतो.

तिसरा उपाय, रोमन. गाडीच्या स्टिरिओत देवनागरी फाँटच नसेल तर टॅग कितीही शुद्ध असो, चौकोनच दिसणार. गाडीसाठी वेगळा पेनड्राइव्ह करा, त्यावरच्या प्रतींना रोमन नावं द्या आणि मूळ संग्रहाला हात लावू नका. प्रवासात गाणी फोनवरूनच वाजत असतील तर हा खटाटोप सोडून द्या.

एक प्रकार या तिन्हींत बसत नाही. छपाईच्या जुन्या (डीटीपी) फाँटमध्ये, श्री-लिपीसारख्या, टाइप केलेली नावं. तिथे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, पण तो ए ठरावीक अंतराने येत नाही. एन्कोडिंग बदलून काही होत नाही. त्या फाँटचा युनिकोड कन्व्हर्टर लागतो. दहा-वीसच गाणी असली तर हाताने टाइप केलेलं लवकर होतं.

आणि टॅग सुधारूनही फोन जुनंच नाव दाखवत असेल तर फाइलला दोष देऊ नका. प्लेअरची यादी जुनी असते. लायब्ररी पुन्हा स्कॅन करायला लावा.